धुराची वाट

घर बांधणारा मनुष्य दाराचा जितका विचार करतो तितका धुराड्याचा करीत नाहीं. दाराला चौकट हवी, चौकटीला नक्षी हवी, वर गणपति हवा, पुढें रांगोळीपुरती जागा हवी. खिडकीची दिशा, देवघराची दिशा, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या, यांवर घरांत आठ आठ दिवस खल चालतो. याचें कारण उघड आहे. दारानें पाहुणा येतो, खिडकीनें उजेड येतो, आणि जें आंत येतें त्याच्याविषयीं मनुष्याला स्वाभाविक आदर असतो. जें बाहेर जावयाचें, मग तें मोरीचें पाणी असो, केर असो, कीं चुलीचा धूर असो, त्याची वाट मागल्या बाजूस, अंधारांत आणि उरल्यासुरल्या पैशांत काढली जाते. परंतु घर राहण्यास योग्य आहे कीं नाहीं हें पुष्कळदां त्याच्या दारावरून न ठरतां ह्या मागच्या वाटेवरून ठरतें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. कोंकणांतलें एक स्वयंपाकघर आणि अमेरिकेंतील एका घराचें छप्पर, अशीं एकमेकांपासून फार दूरचीं दोन स्थळें त्याला कारण झालीं आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर सर्वांत मागें होतें. चुलीच्या वर, आढ्याच्या जवळ, चार कौलें जरा उचलून बसविलेलीं होतीं. त्या फटीला आम्ही धुराडें म्हणत असूं. उन्हाळ्यांत तें आपलें काम बऱ्यापैकीं करी. पण पावसाळा लागला, जळण सर्दावलें आणि समुद्राकडील वारा सुटला, म्हणजे वर गेलेला धूर तसाच खालीं परत येई. आई एका हातानें फुंकणी धरून दुसऱ्या हातानें पदर डोळ्यांना लावी. आम्ही मुलें पानावर बसत असूं ती मधल्या घरांत. तेथें भाताचा वास येई, धूर येत नसे.

दरवर्षी आगोटीपूर्वीं कौलें शाकारावयास माणूस येई. तो शिडीवर चढला कीं आई मागल्या दारांतून त्याला सांगे, "बाबा रे, एवढं धुराडं हातभर उंच करून दे." तो आजीकडे पाही. आजी म्हणे, "कशाला? पाऊस आंत यायला? त्या धुरावर तर वांसे टिकलेत. भुंगा लागला म्हणजे मग कळेल." आजीचें म्हणणें निराधार नव्हतें. धुरानें काळ्या झालेल्या लांकडाला कीड लवकर लागत नाहीं, आणि चुलीवर टांगलेलें बियाणें पुढल्या पेरणीपर्यंत नीट राहतें, हा पिढ्यांचा अनुभव होता. आजीनें स्वतःहि तो धूर पुष्कळ वर्षें सोसला होता, आणि सोसून झालेल्या गोष्टीची किंमत मनुष्य नेहमींच थोडी वाढवून सांगतो. वांसे खरोखरच टिकले. त्यांच्या टिकण्याची किंमत एकाच माणसाच्या डोळ्यांनीं व छातीनें भरली; पण घरखर्चाच्या वहींत तिच्यासाठीं रकाना नव्हता. आईला खोकल्याविषयीं कोणीं विचारलें तर ती म्हणे, "धुरानं होतं तसं." आणि विषय संपे.

धुरासंबंधींची ही मीमांसा केवळ आमच्या आजीची नव्हती. इंग्रजीचा अध्यापक म्हणून जुनें गद्य चाळतांना मला तीच आजी सोळाव्या शतकांतील इंग्लंडांत भेटली. एसेक्समधील विल्यम हॅरिसन नांवाच्या धर्मोपदेशकानें आपल्या देशाचें विस्तृत वर्णन लिहिलें आहे. त्याच्या आवृत्त्या १५७७ व १५८७ सालीं निघाल्या. गांवांतल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातींत झालेले जे तीन मोठे बदल जाणवत होते ते त्यानें नोंदले आहेत, आणि त्यांतला पहिला म्हणजे जिकडे तिकडे उभीं राहिलेलीं धुराडीं. हॅरिसनला मात्र ह्या सुधारणेचें मोठेसें कौतुक नाहीं. धुराडीं नव्हतीं तेव्हां घरचा धूर लांकडाला बळकटी आणी व माणसांना सर्दीपडशापासून जपे. तेव्हां कोणाचीं डोकीं दुखत नसत. आतां धुराडीं आलीं आणि नाजूक मंडळींच्या तक्रारी सुरू झाल्या, असा त्याचा सूर आहे. आजीच्या हातीं हा ग्रंथ पडता तर तिनें हॅरिसनला घरचा उपाध्याय नेमला असता.

तरी धुराच्या पदरीं एक गुण बांधलाच पाहिजे. तो प्रामाणिक होता. तो येई तो सर्वांना दाखवून येई. डोळ्यांत पाणी आणी, घसा धरी, भिंतीवर आपली काळी सही करून जाई. धुराड्याची वाट बुजली आहे हें सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नसे. सांगितलेलें ऐकावयाचें कीं नाहीं, हा घराचा प्रश्न होता.

हा प्रामाणिकपणा गेल्यावर काय होतें तें मला गेल्या दिवाळीच्या सुटींत पाहावयास मिळालें. माझी थोरली बहीण पंचवीसएक वर्षांपासून अमेरिकेंत मिनिआपोलिस शहराजवळ राहते. त्या मुलखांत घर तापविणें ही चैन नव्हे. जानेवारींत पारा शून्याखालीं वीस अंश उतरला तर तेथें कोणाला नवल वाटत नाहीं. म्हणून घराच्या तळघरांत एक भट्टी असते. तींत नैसर्गिक वायु जळतो. त्याची ऊब धातूच्या पातळ भिंतीपलीकडून घरांतल्या हवेला मिळते, आणि ती ऊन हवा पंख्याच्या जोरानें खोलीखोलींत फिरते. जळलेला वायु मात्र ह्या हवेंत मिसळतां कामा नये. तो पत्र्याच्या उभ्या नळीनें मजला, पोटमाळा व छप्पर भेदून बाहेर जातो. शेजारींच पाणी तापविण्याची टाकी असते, तिचा धूरहि ह्याच नळींत सोडलेला असतो. ही नळी म्हणजेच त्या घराचें धुराडें. ताईचें घर साठएक वर्षांपूर्वींचें. भट्टी मध्यंतरीं बदललेली होती, पण छपरावरची नळी व तिची टोपी कोणीं केव्हां बसविली हें कोणालाच ठाऊक नव्हतें. भिंतीवरच्या चकतीवर आंकडा ठरविला कीं घर ऊबदार होई, आणि तळघरांत डोकावण्याचें कारणच पडत नसे.

मी गेलों तेव्हां ऑक्टोबर संपत आला होता. ताई रोज सकाळीं कपाळाला बाम चोळून चहा ठेवी. मीं विचारलें, "ताई, डोकं रोजच दुखतं का ग?"

"वय झालं रे आतां," ती म्हणाली. "उठल्यावर जरा जड असतं. फिरून आलें कीं मोकळं होतं."

वाक्य नवें होतें, पण स्वर माझ्या ओळखीचा होता. "धुरानं होतं तसं" हें वाक्य ह्याच स्वरांत उच्चारलें जात असे.

भावोजींचा एक शिरस्ता आहे. कडक थंडी पडण्यापूर्वीं ते दरवर्षी भट्टी तपासण्यासाठीं माणूस बोलावितात. त्याप्रमाणें एक तरुण कारागीर आला. त्यानें तळघरांत टाकीपाशीं एक लहानसें यंत्र धरलें, त्यावरील आंकडा पाहिला, आणि प्रथम वायूचा नळ बंद करून सर्व खिडक्या उघडावयास सांगितल्या. मग तो पोटमाळ्यावर गेला. परत येऊन त्यानें सांगितलें कीं वरचा एक सांधा गंजून निखळला आहे, छपरावरची टोपी एका अंगास कलली आहे, आणि नळींत पक्ष्यानें आणलेल्या काड्यांचा बोळा बसला आहे. वर जाण्याची वाट अर्धी बुजल्यामुळें जळलेला वायु थोडाथोडा टाकीच्या माथ्याशीं सांडून घरांतच परतत होता. हें सांगून झाल्यावर त्यानें विचारलें, "घरांत कोणाचें डोकें दुखतें का?"

ताईनें त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं. ती माझ्याकडे वळून मराठींत म्हणाली, "म्हणजे तें वय नव्हतं तर."

ज्या वायूनें हें केलें तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटून शरीरभर फिरतो त्याला हा वायु २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. प्रथम डोकें जड होतें, मग मळमळ, मग गुंगी. आणि झोंपेंत असलेला मनुष्य पुष्कळदां तसाच जातो. एकट्या अमेरिकेंत, आगी सोडून, केवळ ह्या वायूच्या अपघाती विषबाधेनें दरवर्षी ४०० हून अधिक माणसें दगावतात असें तेथील सरकारी आरोग्यखात्याचें सांगणें आहे. घराबाहेर पडतांच डोकें हलकें होणें हें ह्या विषाचें एक ठळक लक्षण आहे. आणि नेमकें तेंच ताईला आपल्या म्हातारपणाचें लक्षण वाटत होतें.

वाचक विचारतील कीं ह्यासाठीं धोक्याची सूचना देणारीं यंत्रें असतात, त्यांचें काय झालें? झोंपण्याच्या खोलीपासून दहा फुटांच्या आंत असें यंत्र असावें असा मिनेसोटा राज्याचा कायदाच आहे. ताईच्या घरीं तें होतें, आणि बिघडलेलेंहि नव्हतें. परंतु अशा यंत्रांचें तेथील मानक असें आहे: हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे ४०० भाग झाले तर यंत्रानें ४ ते १५ मिनिटांत वाजावें, ७० भाग झाले तर १ ते ४ तासांत, आणि ३० भागांना मात्र महिनाभरहि वाजूं नये, म्हणजे उगाच घबराट व्हावयाची नाहीं. यंत्र प्राण वाचविण्यासाठीं आहे. रोजची डोकेदुखी त्याच्या अधिकारांत येत नाहीं. ती माणसानेंच माणसाला विचारावी लागते.

नळी गंजली कशानें, हेंहि मला त्या कारागिरानें समजावून दिलें. वायु जळतो तेव्हां पाणी निर्माण होतें हें आपण शाळेंत शिकतों आणि विसरून जातों. वजनानें १६ भाग मिथेन जळला तर ३६ भाग पाणी तयार होतें. हें पाणी वाफेच्या रूपानें धुराबरोबर वर जातें. धूर ऊन असेपर्यंत कांहीं बिघडत नाहीं. पण थंड पोटमाळ्यांत नळी गारठली कीं वाफेचे थेंब होतात, ते किंचित् आम्ल असतात, आणि वर्षानुवर्षें पत्रा आंतून खात बसतात. बाहेरून नळी धडधाकट दिसते.

दोन दिवसांनीं नवी नळी बसविण्याचें काम झालें. मी अंगणांत उभा राहून तें सबंध पाहिलें. नळी दुहेरी होती: आंत ॲल्युमिनियमची, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची, आणि दोहोंमध्यें हवेची पोकळी. ही पोकळी आंतला धूर निवूं देत नाहीं, कारण निवलेला धूर वर चढत नाहीं; आणि बाहेरचें लांकूड तापूं देत नाहीं. तरीहि नळी व लांकूड यांमध्यें निदान एक इंच अंतर ठेवावेंच लागतें. सांधे एकमेकांत फिरवून बसवितात. आंतल्या नळीला भोंक पडेल असा स्क्रू मारावयाचा नाहीं. भट्टीपासून उभ्या नळीपर्यंत येणारा आडवा तुकडा दर फुटास पाव इंच चढता हवा. छपराला जेथें भोंक पडतें तेथें नळीभोवतीं पत्र्याची झालर येते. तिची वरची कड छपराच्या डांबरी तुकड्यांखालीं सरकवावयाची आणि खालची त्यांच्यावर सोडावयाची, म्हणजे वरून आलेलें पाणी झालरीवरून घसरून पुढें जातें. आमचा कौलें शाकारणारा हेंच करीत असे; वरचें कौल खालच्या कौलावर. पाण्याचा धर्म दोन्ही खंडांत एकच आहे. शेवटीं नळीच्या गळ्यांत एक कडें, आणि सर्वांत वर टोपी.

टोपी किती उंच असावी? तें छपराच्या उतारावर अवलंबून असतें. सौम्य उताराला एक फूट पुरे, उतार उभा असेल तर अधिक. शिवाय जवळच्या उंच भिंतीपासून आठ फूट दूर. छपरावर आपटणारा वारा धूर मागें लोटूं नये म्हणून हा नियम आहे. तो ऐकतांना मला हसूं आलें आणि तें पुरतें हसूं नव्हतें. आई ज्या हातभर उंचीसाठीं दरवर्षी आर्जव करीत होती ती येथें नियमांच्या पुस्तकांत छापलेली होती, आणि ती मोडून घर बांधण्याची कोणाला मुभा नव्हती.

काम झाल्यावर कारागिरानें भट्टी व टाकी दोन्ही पेटविलीं, थोडा वेळ जाऊं दिला, आणि एक काडी ओढून विझवून तिचा धूर टाकीच्या माथ्याशीं धरला. धूर चटकन् आंत ओढला गेला. ताईची खात्री पटेना. तिनें देवघरांतून उदबत्ती आणली. निळसर रेघ क्षणभर सरळ राहिली, मग वांकली, आणि नळींत शिरून नाहींशी झाली. न दिसणाऱ्या विषाची वाट मोकळी आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शेवटीं दिसणाऱ्या धुराचीच साक्ष काढावी लागली.

ही साक्ष मनुष्यानें एकदां फार मोठ्या किंमतीला विकत घेतलेली आहे. जळणाचा नैसर्गिक वायु मुळांत निर्गंध असतो. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेखालीं तो गळून सांचला. कोणाला वास आला नाहीं. एक ठिणगी पडली, आणि जवळजवळ ३०० मुलें व शिक्षक मृत्युमुखीं पडले. त्यानंतर टेक्सासनें वायूंत उग्र दर्प मिसळण्याची कायद्यानें सक्ती केली आणि ती रीत सर्वत्र पसरली. आपल्या सिलिंडरमधल्या वायूची जी दुर्गंधि येते तीहि अशीच मुद्दाम मिसळलेली आहे. पण हा दर्प न जळलेल्या वायूचा. वायु जळला कीं दर्पहि जळून जातो, आणि मागें उरतें त्याच्याजवळ स्वतःची ओळख देण्याचें कांहींच साधन नसतें.

सुखसोय वाढते तसा त्रास नाहींसा होत नाहीं. पुष्कळदां तो नुसता मुका होतो. कारागिरानें भावोजींपुढें दुसराहि एक मार्ग मांडला होता. नव्या भट्ट्या धुरांतली ऊब इतकी काढून घेतात कीं त्याच्या अंगीं छपरापर्यंत चढण्याचें त्राणच उरत नाहीं. म्हणून त्यांचा धूर पंख्यानें ढकलून प्लास्टिकच्या नळीनें बाजूच्या भिंतींतून काढतात. बेंजामिन फ्रँक्लिननें १७४४ सालीं जिचें वर्णन प्रसिद्ध केलें त्या शेगडींत त्यानेंहि ऊब वांचविण्यासाठीं धुराला खालून वळसा घेण्यास लावलें होतें. त्याच्यापाशीं पंखा नव्हता, त्यामुळें ती शेगडी नीट ओढीना आणि पुढें इतरांना ती सुधारावी लागली. आज पंखा आहे. पण भट्टी बदलली तर पाण्याची टाकी त्या रुंद नळीवर एकटी पडते, तिचा बेताचा धूर वाटेंतच निवतो, आणि गंजण्याची जुनी कथा पुन्हां सुरू होते. दोन्ही बदलण्याचा खर्च ऐकून भावोजींनीं ह्या हिवाळ्यापुरती नवी नळीच पसंत केली. ताईची डोकेदुखी त्या आठवड्यांतच थांबली.

आपल्याकडे घरोघर अशा भट्ट्या नाहींत, म्हणून हा प्रश्न परक्यांचा आहे असें कोणी समजूं नये. २०१६ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कित्येक गरीब घरांत शेगडी नेली, आणि ज्या घरांत ती खरोखर पेटते तेथील बायकांचे डोळे निवले, हें मोठें काम झालें. पण शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत आपण दुसरी एक भट्टी हौसेनें आणून ठेवली आहे. न्हाणीघरांतील वायूवरचा गीझर ही ती भट्टी होय. न्हाणीघर चिंचोळें, खिडकी इवलीशी. थंडीच्या दिवसांत तीहि लावून घेतलेली, किंवा तिच्यावर काचेचा पडदा बसविलेला. दार आंतून बंद. अशा खोलींत आंघोळीला गेलेलीं माणसें पुन्हां बाहेर आलीं नाहींत अशा बातम्या दर हिवाळ्यांत येतात. बंद खोलींत कोळशाची शेगडी घेऊन निजणाऱ्यांचीहि तीच गत होते. चुलीपाशीं बसलेली बाई खोकून तरी सांगत असे. येथें सांगणाराच प्रथम निजतो.

म्हणून जुन्या धुराचे गोडवे गाऊन चालणार नाहीं, आणि नव्या निर्धूरपणावर विसंबूनहि चालणार नाहीं. यंत्र असावें, नियम असावा, वर्षांतून एकदां वर चढून पाहणारा कारागीर असावा. पण ह्या सर्वांच्या आधीं घरांतल्या माणसांनीं एकमेकांना विचारण्याची संवय असावी. विशेषतः जें माणूस घरांत सर्वांत अधिक वेळ असतें, आणि विचारल्यावर "कांहीं नाहीं, होतं तसं" म्हणतें, त्याला दुसऱ्यांदां विचारावें.

सध्यां मुलीसाठीं पुण्यांत भाड्याची जागा पाहत आहें. जागा दाखविणारे गृहस्थ मला सज्जांत उभें करून टेकडीचा देखावा दाखवितात आणि स्वयंपाकघरांतला काळा ओटा चकाकतो कीं नाहीं तें पाहावयास सांगतात. मी तें सर्व पाहून घेतों. मग त्यांना विचारतों कीं गीझरची नळी कोठून बाहेर निघते, आणि न्हाणीघराची खिडकी उघडते का. एवढ्या चांगल्या जागेंत हा मनुष्य असलें काय विचारतो, असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटतो. आजपर्यंत तीन जागा पाहून झाल्या. दोन खिडक्या रंगाखालीं चिकटून बसल्या होत्या. तिसरी उघडली. तिच्यांतून बाहेरचा वारा आंत आला, आणि ती जागा मीं घेण्याचें ठरविलें आहे.